मधला डबा आणि माझा तंबोरा

ज्याला गाण्यातली सम कळत नाही त्याला प्रीॲम्प्लिफायर विकू नये, असा कायदा करायला हवा होता. तो नव्हता, म्हणून आमच्या घरात ट्यूबवाला परदेशी प्रीॲम्प्लिफायर आला आणि माझा गाण्याचा वर्ग हॉलमधून बाहेर गेला.

हे यंत्र म्हणजे काय ते आधी सांगते. मला ते समजून घ्यायला वेळ लागला होता आणि समजल्यावर मी कपाळावर हात मारला होता. सीडी फिरवणारं यंत्र वेगळं. आवाज मोठा करून स्पीकरला देणारं यंत्र वेगळं. या दोघांच्या मध्ये आणखी एक डबा बसतो, आवाज कमीजास्त करायला. बस्स, एवढंच. एक बटण! साध्या टेपरेकॉर्डरला ते कडेला फुकट मिळतं. आमच्या ह्यांना मात्र ते स्वतंत्र डब्यात हवं होतं, आणि त्या डब्यात काचेच्या ट्यूबा पेटलेल्या दिसायला हव्या होत्या. माझ्या वडिलांच्या रेडिओत असल्याच ट्यूबा होत्या, आम्ही त्यांना व्हॉल्व्ह म्हणायचो. घरात ट्रान्झिस्टर आला त्या आठवड्यात वडिलांनी तो रेडिओ भंगारात दिला आणि सुटकेचा निःश्वास टाकला. तीच भानगड आता चकचकीत पेटीत घालून साहेब लोकांना परत विकत होते.

आमचे हे नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही गंगापूर रोडच्या एका गल्लीत घर बांधलं. तेव्हा आजूबाजूला अजून द्राक्षाच्या बागा होत्या आणि संध्याकाळी फवारणीचा वास घरात यायचा. नकाशा टेबलावर पसरून हे म्हणाले होते, "हॉलची पूर्वेची खिडकी तुझी. तिथे तुझा वर्ग." मी तेव्हा सातआठ वर्षं गाणं शिकवत होते, पण भाड्याच्या दोन खोल्यांत, वाड्याच्या मोरीशेजारी. स्वतःची खिडकी मिळाली याचा मला किती आनंद झाला होता, काय सांगू! त्या खिडकीखाली सतरंजी, भिंतीला टेकून तंबोरा, समोर पोरी. मला घरातलं दुसरं काही नको होतं. दागिने नको, फिरायला जाणं नको, तो कोपरा तेवढा हवा होता.

दहाएक वर्षं तो राहिलाही. मग ह्यांना छंद जडला.

या छंदात तिघं होते. हे स्वतः, एक दातांचे डॉक्टर, आणि पिंपळगावकडचे एक बागायतदार. बागायतदारांची द्राक्षं परदेशी जायला लागली होती आणि आलेल्या पैशाचं काय करावं हा त्यांना प्रश्न पडला होता. बंगला झाला होता, गाडी झाली होती, उरला होता कान. रविवारी दहा वाजता तिघं आमच्या हॉलमध्ये जमायचे. मी मिसळ करायची, तर्री वेगळी, पाव गरम, वरून ताक. मिसळ झाली की पडदे ओढून, डोळे मिटून ऐकायला बसायचे.

आता हे काय ऐकायचे ते सांगते. एका जुन्या गायिकेची सीडी होती. बाई कधीच गेलेली, पण आवाज असा की तोंडातला घास तोंडात राहावा. आधी आलाप, मग तबल्याचा ठेका सुरू होतो, मुखडा उठतो, आणि आता समेवर येणार, तेवढ्यात रिमोटचं बटण. बंद. "बघितलंत? वरचा आवाज जरा कोरडा वाटतो." मग वायर बदलायची आणि पुन्हा पहिल्यापासून तोच आलाप, पुन्हा ठेका, पुन्हा मुखडा, पुन्हा बटण. वर्षानुवर्षं! मी स्वयंपाकघरात कांदा चिरत असायचे. समेला माझा हात आपोआप ओट्यावर पडायला यायचा आणि तसाच वरच्या वर राहायचा. त्या घरात त्या बाईची सम कधी आलीच नाही. ज्यांनी यंत्रांसाठी एवढा जीव टाकला त्यांना ती यावीशीही वाटली नाही, त्या गाण्यात पुढे काय आहे हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं.

एकदा मी चहा देता देता म्हटलंही, "भावोजी, पुढे जाऊ द्या की जरा. पुढे सुंदर आहे."

डॉक्टर डोळे न उघडता म्हणाले, "वहिनी, आपण गाणं नाही ऐकत आहोत. आपण सिस्टीम ऐकतोय."

म्हटलं, ठीक. दात काढणाऱ्याला तोंडाशी कुठे देणंघेणं असतं.

तर या तिघांच्या डोक्यात ट्यूब प्रीॲम्प्लिफायर शिरला. सहा महिने दुसरा विषय नाही. मासिकं मागवली जायची, त्यातली वाक्यं मोठ्याने वाचली जायची. आवाज "मखमली" हवा, आवाजाला "हवा" हवी, गायिका "खोलीत बसलेली" वाटायला हवी. खोलीत बसलेली गायिका चहाचे कप गोळा करून नेत होती, ती कुणाला वाटत नव्हती.

शेवटी मुंबईचा एक विक्रेता दोन डबे गाडीत घालून आला. एक परदेशी, चांदीसारखा, पुढच्या काचेतून चार ट्यूबा दिसणारा. दुसरा पुण्यात कुणीतरी हाताने जोडलेला, काळा आणि साधा. किमतीत जमीनअस्मानाचा फरक आहे एवढंच मला कळलं होतं. विक्रेता प्रत्येक वाक्यात दोनदा "सर" म्हणायचा आणि माझ्याकडे बघून "मॅडम, थोडं पाणी" म्हणायचा.

त्या रविवारी सकाळी माझा वर्ग झाला होता. पोरी नुकत्याच गेल्या होत्या. तंबोरा दिवाणामागे भिंतीला टेकवलेला, चांगला लागलेला, गवसणी अजून घातलेली नव्हती, कारण मिसळीचा रस्सा उतू जात होता आणि मी आत पळाले होते. माझी पट्टी काळी चार, पेटीवरच्या चौथ्या काळ्या सुराची. त्या सीडीवरच्या बाईचीही काळी चार. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्या तिघांना पट्टी म्हणजे काय हे विचारलं असतं तर त्यांनी जखमेवर बांधायची पट्टी सांगितली असती.

आधी परदेशी डबा लावला. ट्यूबा तापायला अर्धा तास लागतो म्हणे, तोवर मिसळ खाऊन झाली. मग बाईने सूर लावला, आणि हॉल भरून गेला. मी आत हातात झारा घेऊन तशीच थांबले. असं कधी वाजलं नव्हतं. सुराच्या मागे बारीक, गोड झणकार होता, सूर संपला तरी तो मागे रेंगाळत होता.

"अहाहा!" डॉक्टर ओरडले. "हवा! ही बघा हवा!"

"आवाज मागून पण येतोय राव," बागायतदार म्हणाले. "स्पीकर पुढं हे आन आवाज पाठीमागं. लय भारी! आंगावर काटा आला नं!"

"सर, यालाच साउंडस्टेज म्हणतात सर," विक्रेता म्हणाला.

दोन क्षणांत माझ्या लक्षात आलं आणि मला हसू फुटलं. आवाज मागून येत होता, कारण माझा तंबोरा मागे होता. जुळत्या सुरात कुणी मोठ्याने गायलं की लावलेल्या तंबोऱ्याच्या तारा आपोआप बोलतात. यात काही गूढ नाही. माझ्या वर्गातल्या नऊ वर्षांच्या पोरीला मी हे पहिल्या महिन्यात दाखवते आणि ती टाळ्या वाजवते. ही तीन मोठी माणसं, तिघं पदवीधर, माझा तंबोरा ऐकत होती आणि परदेशी डब्याला हात जोडत होती.

मी सांगायला बाहेर गेले. खरंच गेले. हात पुसत दारात उभी राहिले आणि म्हटलं, "अहो, तो डबा नाहीये, तो..."

"वहिनी, एक मिनिट, बोलू नका," डॉक्टरांनी हात वर केला. मग हसून, समजूत घालावी तसं म्हणाले, "हे तुम्हाला नाही जाणवणार. त्याला कान तयार व्हावा लागतो."

माझा कान! गुरूंकडे बारा वर्षं नुसत्या षड्जावर घासलेला माझा कान! मी ह्यांच्याकडे बघितलं. हे काहीतरी म्हणतील असं वाटलं होतं. हे त्या चार ट्यूबांकडे लहान मूल दिव्याकडे बघतं तसे बघत होते. मग माझी नजर खाली गेली. डॉक्टरांनी मिसळीची तेलकट वाटी तंबोऱ्याच्या भोपळ्याला चिकटवून ठेवली होती. माझं डोकं सणकलं. मी तंबोरा उचलला, झोपायच्या खोलीत नेला, गवसणी घातली आणि दार लावलं.

मग त्यांनी पुण्याचा काळा डबा लावला. साहजिकच मागचा आवाज गेला, झणकार गेला. "मेलेला आवाज," डॉक्टर म्हणाले. "सपाट." बागायतदार म्हणाले, "ह्याच्यात जीवच नाय." परदेशी डबा परत एकदा लावून बघू असं हे म्हणत होते, तेवढ्यात लाइट गेली. तेव्हा भारनियमन इतकं होतं की लाइट गेली याचं कुणाला काही वाटायचं नाही. कपाटातल्या मेणबत्तीइतकीही किंमत त्या लाखमोलाच्या डब्याला उरली नाही, पण निर्णय झाला होता. विक्रेता उठला आणि ह्यांचा हात हातात घेऊन म्हणाला, "सर, तुमचा कान मानला."

परदेशी डबा कायमचा आला, आणि डब्याबरोबर विक्रेत्याचे नियम आले. भिंतींना जाड कापड, खाली गालिचा, पडदे दुहेरी. खोलीत स्वतःहून वाजेल अशी वस्तू नको. घंटा नको, काचेची फुलदाणी नको. डॉक्टरांनी बोट दाखवून सांगितलं, "आणि तो तंबोरा तर आधी काढा. असली पोकळ वाद्यं आवाज खातात." पूर्वेची खिडकी प्लायवूडने बंद झाली. हे मला म्हणाले, "अगं, तुझं काय, तुला कुठेही बसता येतं. जेवणाच्या खोलीत घे वर्ग. माझं तसं नाही ना." नकाशावर ठेवलेलं त्यांचं बोट मला तेव्हा आठवलं. त्यांना आठवलं नाही. मी भांडले, चांगली कडाडून भांडले, दोन दिवस स्वयंपाक केला नाही. तेव्हा हे डॉक्टरांबरोबर बाहेर जेवून आले आणि माझ्यासाठी मसाला दूध घेऊन आले. काय बोलायचं अशा माणसाशी?

जेवणाच्या खोलीत फ्रीज होता. फ्रीजला स्वतःचा सूर असतो, आणि तो कुठल्याच पट्टीत बसत नाही. पोरी सा लावायच्या आणि फ्रीज त्यांना ओढून खाली न्यायचा. वर्गाच्या वेळी फ्रीज बंद ठेवला, तर दूध नासलं आणि ह्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. हळूहळू पोरी गळायला लागल्या. आयांनी सभ्यपणे कारणं दिली, परीक्षा आहे, क्लास आहे. खरं कारण मला माहीत होतं. फ्रीजशेजारी गाणं शिकवणाऱ्या बाईकडे कोण आपली मुलगी पाठवेल? मला रडू यायचं, आणि रडू येतंय याचाच जास्त राग यायचा.

तिकडे हॉलमध्ये मात्र सुतक होतं. कारण डबा वाजेना. म्हणजे वाजायचा, पण तो "जीव" गेला होता, ती "हवा" गेली होती. रविवारच्या रविवारी तिघं मान खाली घालून बसायचे. आधी ट्यूबांवर संशय आला, त्या बदलल्या. मग वायरींवर. मग नाशिकच्या विजेवर. गल्लीच्या तोंडाशी डीपी होती, तिच्यातून "घाण वीज" येते असं डॉक्टरांनी निदान केलं, आणि वीज धुऊन देणारा आणखी एक डबा आला. मग स्पीकर चार बोटं पुढे, मग दोन बोटं मागे. एकदा तर डॉक्टर गालिच्यावर उताणे झोपून ऐकत होते. मी चहा घेऊन गेले तर त्यांच्या पोटावरून ओलांडून जावं लागलं.

मी गप्प राहिले. मला कुणी विचारलं नव्हतं आणि माझा कान तयार नव्हता. खोटं कशाला बोलू, मजा येत होती.

वर्ग मात्र मी बुडू दिला नाही. चौकात एक बालवाडी होती, तिच्या माडीवरची खोली तिथल्या बाईंनी रविवारी सकाळी वापरायला दिली. भिंतीवर ससा आणि गाजर, कोपऱ्यात घसरगुंडी, पण फ्रीज नाही. पोरी परत यायला लागल्या. तिथे उंदीर होते म्हणून तंबोरा ठेवता येत नव्हता. तो रिक्षात मांडीवर आडवा घेऊन जायचा आणि तसाच परत आणायचा.

असाच एक थंडीतला रविवार. बागायतदारांनी ओझरकडून ग्रॅनाइटची जाडजूड लादी आणली होती. ती डब्याखाली ठेवली की थरथर जाते म्हणे. डॉक्टरांनी त्याच वेळी नवी वायर आणली होती. मी वर्ग आटपून आले. गवसणीची नाडी तुटली होती म्हणून ती खांद्यावर टाकलेली, तंबोरा उघडा. दार हॉलमध्येच उघडतं. तिघं पाठमोरे बसलेले, डोळे मिटलेले. चप्पल काढायला म्हणून मी तंबोरा दिवाणामागच्या जुन्या जागी टेकवला.

बाईने सूर लावला आणि हॉल भरून गेला.

"आलं! आलं! आलं!" डॉक्टर किंचाळले. "वायर! मी म्हटलं होतं, वायर!"

"वायर कशाची राव, लादी हे लादी! ओझरची लादी!"

दोघं डोळे मिटूनच भांडायला लागले. हे मात्र मागे वळले. आवाज मागून येतो म्हणून वळले असतील. त्यांनी तंबोरा बघितला, मग मला बघितलं. उठून आले आणि तारांवर तळहात ठेवला. हॉल रिकामा झाला. हात काढला, पुन्हा भरला. पुन्हा ठेवला, पुन्हा काढला. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

या सगळ्यात रिमोटचं बटण दाबायचं राहून गेलं. मुखडा उठला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या घरात सम आली. माझा हात मांडीवर पडला. वादात कुणाचं लक्ष नव्हतं.

"अगं," हे हळूच म्हणाले, "हा इथेच राहू दे ना."

"कशाला?"

"नाही, म्हणजे... रविवारपुरता. तू फक्त लावून ठेवत जा."

मी तशीच उभी राहिले. लाज वाटते सांगायला, पण मी पुढच्या वाक्याची वाट बघत होते. वर्ग इथेच घे, खिडकी उघडू, एवढं ते म्हणाले असते तर मी तिथल्या तिथे सगळं विसरले असते. एकदा तू गाऊन दाखव, असं म्हणाले असते तर मी तिथेच मांडी घालून बसले असते. पट्टी तीच होती, भिंती त्याच होत्या. सीडीवरच्या त्या बाईसाठी ह्यांनी अख्खा हॉल बदलला होता, आणि मी गात असले की हे दार ओढून घ्यायचे, बातम्या ऐकू येत नाहीत म्हणून.

पुढचं वाक्य आलं, पण ते असं, "काळी चार ना गं ती? तेवढी बरोबर लाव."

तोवर बाकीच्या दोघांना प्रकार कळला होता. शरमावं की नाही? छे! बागायतदार म्हणाले, "वहिनी, तंबोऱ्याला भाडं लावा, आपण देऊ!" आणि डॉक्टर पाच मिनिटांत त्यातलेही जाणकार झाले. एक डोळा मिटून ते म्हणाले, "वहिनी, जरा डावीकडे सरकवा. थोडा अजून. हां, इथे हवा जास्त येईल."

मी चप्पल परत पायात घातली. तंबोऱ्यावर गवसणी चढवली, तुटलेल्या नाडीला गाठ मारली.

"भावोजी," मी म्हटलं, "बालवाडीच्या माडीवर रविवारी सकाळी सात वाजता या. पहिलं वर्षभर नुसता सा लावून घेते. कान तयार व्हावा लागतो ना."

मग मी तंबोरा आत नेला आणि दार लावलं. बाहेर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सीडी लावली. आलाप, ठेका, मुखडा, आणि बटण.

डबा अजून आहे, ट्यूबा अजून पेटतात. डॉक्टर आणि बागायतदार हळूहळू यायचे बंद झाले. माझा वर्ग बालवाडीच्या माडीवर चांगला चालतो, जागा पुरत नाही म्हणून घसरगुंडी बाहेर काढावी लागली. रविवारी सकाळी मी निघाले की हे पेपर खाली ठेवून दारापर्यंत येतात.

"तंबोरा नेतेस?" असं विचारतात.

"नेते," मी म्हणते.

मी परत कधी येणार, हे त्यांनी अजून एकदाही विचारलेलं नाही.